वस्तादाला मान, मास्तरला टोमणा

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची निवृत्ती पाच वर्षांहून लांब आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं, नाहीतर घरी जावं. त्या दिवसापासून कोल्हापुरात दोन तट पडले. एक म्हणतो, "द्या की परीक्षा! पोरांची घेताना बरं वाटतंय!" दुसरा म्हणतो, राष्ट्र घडवणाऱ्या गुरुजनांचा हा अपमान आहे. बिंदू चौकातल्या चहाच्या गाड्यापासून भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत हेच चाललंय, आणि इतकं वाईट भांडलं गेलेलं भांडण मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. एका बाजूला सरसकट हेटाळणी, दुसऱ्या बाजूला सरसकट आरती. आणि बाजूलाच बी.एड. किंवा डी.एल.एड.च्या (म्हणजे पूर्वीच्या डी.एड.च्या) वर्गात बसलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलं-मुली दोन्ही ऐकतायत, याचं भान कुणालाच नाही. मी अशाच मुलांना शिकवते, म्हणून माझी बाजू आधीच सांगून टाकते. शिक्षकाच्या कामावर हवी तितकी टीका करा, परीक्षाही जरूर घ्या. पण या पेशाबद्दल आपण जाता-येता जे टोमणे मारतो, ते कामचुकार शिक्षकापर्यंत पोहोचतच नाहीत. ते बसतात अजून शिकणाऱ्याला. आणि शाळांच्या ज्या दर्जाच्या नावाने आपण खडे फोडतो, तो दर्जा त्यामुळेच आणखी एक पायरी खाली जातो.

टोमणे कोणते, ते नव्याने सांगायला नको. "कुठंच काय जमलं न्हाई, तवा मास्तर झाला." "अर्धा दिवस शाळा, अर्धं वर्ष सुट्टी." "बिनघोर पगार." मुलगी असेल तर "बायकांना बरी नोकरी, घरचं बघून होतं." एखाद्याने बी.एस्सी.ला चांगले गुण मिळवून बी.एड.ला नाव घातलं की शेजारचे काका हमखास विचारणार, "का रं, दुसरं काय मिळालं न्हाई व्हय?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला मान्य आहे. आपल्याकडे टिंगल ही आपुलकीचीच एक तऱ्हा आहे. पण हा प्रश्न वीस तोंडांतून वीस वेळा ऐकला की त्याची थट्टा राहत नाही, त्याची माहिती होते. आपण कोण आहोत याविषयीची माहिती.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे, ते मान्य करते. टोमणे हवेतून पडलेले नाहीत. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणारे 'असर'चे अहवाल वर्षानुवर्षे सांगतायत की देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची निम्म्याच्या आसपास मुलं दुसरीच्या पुस्तकातला उतारा नीट वाचू शकत नाहीत. राज्याच्या टीईटीचा निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच लागतो. 2021 च्या डिसेंबरात तर टीईटी घेणाऱ्या परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच पोलिसांनी अटक केली आणि पुढे गुण वाढवून घेतल्याच्या ठपक्यावरून हजारो उमेदवारांवर कारवाई झाली. शाळा सुटल्यावर प्लॉटिंग करणारे, विम्याच्या पॉलिस्या विकणारे, पतसंस्थेच्या राजकारणात अष्टौप्रहर गुंतलेले गुरुजी प्रत्येक तालुक्यात दाखवता येतील. आपली मुलं इंग्रजी शाळेत आणि आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत, हा प्रकारही डोळ्यांआड करण्यासारखा नाही. शिवाय माझ्यासमोरच्या बाकांवर बसलेल्यांपैकी सगळेच काही शिकवण्याच्या ओढीने आलेले नसतात. काहीजण घरच्यांनी लोटलेले, काही स्पर्धा परीक्षेची दोन-तीन वर्षं गेल्यावर 'हातात काहीतरी असावं' म्हणून आलेले. हे झाकून शिक्षकांची बाजू मांडायची, तर ती न मांडलेली बरी.

पण मग एक साधा प्रश्न. या टोमण्यांनी यातलं काय सुधारलं? प्लॉटिंग करणाऱ्या गुरुजींना तुम्ही 'बिनघोर पगारवाला' म्हणालात, तर ते हसून पुढचा प्लॉट दाखवतील. त्यांची नोकरी कायम, कातडी जाड, गावात वट. परीक्षेतला घोटाळा टोमण्यांनी नाही, पोलिसांच्या तपासाने उघड झाला. टोमण्याला पत्ता नसतो. तो ज्याच्या उद्देशाने मारलेला असतो त्याला चुकवून भलत्यालाच लागतो, आणि हा भलता बहुतेक वेळा तोच असतो जो मनाला लावून घेतो. म्हणजे ज्याला हे काम चांगलं करायचंय तो. निर्ढावलेल्याला कशाचंच काही नसतं.

'मनाला लावून घेणं' म्हणजे नुसतं हिरमुसणं नव्हे. माणसाच्या गटाबद्दल जो वाईट समज असतो, त्याची आठवण ऐन परीक्षेच्या वेळी झाली तर त्याची कामगिरी खरोखरच घसरते, असं अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी 1995 साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं. पुढे जर्मनीत इमे आणि म्योलर या दोन संशोधकांनी हाच प्रश्न शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांबाबत विचारला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं ते असं : शिक्षक होणारे लोक प्रेमळ असतात पण बुद्धीने बेताचे असतात, असा समज तिकडेही आहे, आणि त्या समजाची जाणीव करून दिल्यावर याच विद्यार्थ्यांची बौद्धिक चाचणीतली कामगिरी खालावली. या प्रकारच्या प्रयोगांवर नंतर बरेच आक्षेप आले, परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा नसावा असंही पुष्कळांनी दाखवलं, म्हणून मी त्याला ब्रह्मवाक्य मानत नाही. पण जर्मनीत शिक्षकाला पगार आणि नोकरीची शाश्वती दोन्ही आपल्यापेक्षा कितीतरी बरी आहे. तिथेही हे बोचत असेल, तर इथे तासिका तत्त्वावर दारोदार फिरणाऱ्या पोराचं काय होत असेल?

मला त्याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही, सराव पाठाच्या वर्गात दिसतं. शहरातल्याच एका शाळेत आमच्या एका छात्राध्यापकाचा सातवीचा विज्ञानाचा पाठ होता, पाण्याचे गुणधर्म. टाचण उत्तम, फलकलेखन नेटकं. वर्गशिक्षकांनी त्याची ओळख करून दिली ती अशी : "हे बी.एड.चे सर आहेत. महिनाभरच आहेत, दंगा करू नका." आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले. पाठ मध्यावर आला तेव्हा खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या घरी थिजलेलं तूप पातळ तुपात तळाला बसतं. मग बर्फ पाण्यावर का तरंगतो?" असा प्रश्न येणं म्हणजे शिकवणाऱ्याला लागलेली लॉटरीच! आणि या मुलाला उत्तर येत होतं. आदल्याच दिवशी माझ्यासमोर त्याने 4 अंशांखाली पाणी कसं उलटं वागतं, गोठताना आकुंचन पावायचं सोडून कसं प्रसरण पावतं, हे झकास समजावून सांगितलं होतं. वर्गात मात्र तो म्हणाला, "ते पुढच्या इयत्तेत आहे. बस खाली." पाठानंतर मी विचारलं, "येत होतं ना रे?" म्हणाला, "येत होतं मॅडम. पण एखादा शब्द चुकला असता तर मागून म्हणाले असते, बघा, हे असले येतात बी.एड.ला."

टोमण्यांचं सगळं नुकसान त्या एका 'बस खाली'मध्ये आहे. मुलगा अडाणी नव्हता. आपल्याला अडाणी ठरवायला लोक टपलेत, एवढीच खात्री त्याला होती. अशी खात्री असलेला माणूस धोका पत्करत नाही. तो गाईडला चिकटतो, प्रश्न विचारणारं पोर त्याला आगाऊ वाटतं, 'मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो' हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. पुढे पंधरा वर्षांनी त्याच्याचबद्दल आपण म्हणणार, हे मास्तर पुस्तकाबाहेरचं काही शिकवतच नाहीत.

'हुशार पोरं या पेशात येतच नाहीत, त्याला टोमणे काय करणार' हा आक्षेपही नेहमीचा. पण येतच नाहीत, हे कधीपासून? 2000 नंतरची काही वर्षं आठवून पाहा. राधानगरी, भुदरगड, चंदगडकडची बारावीला वरच्या क्रमांकाने आलेली मुलं डी.एड.च्या यादीकडे डोळे लावून बसायची. बरे गुण असूनही पहिल्या यादीत नाव लागत नसे. कारण उघड होतं, दोन वर्षांत नोकरी. मग गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली. 2012 मध्ये सरकारने भरती थांबवली, शिक्षकभरतीचं 'पवित्र' पोर्टल यायला 2017 उजाडलं, आणि मधल्या काळात पदविका हातात घेऊन एक अख्खी पिढी वयोमर्यादेच्या कडेला जाऊन पोहोचली. जे लागले ते शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षं मानधनावर, आणि प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं हे मानधन 2023 पर्यंत महिना 6,000 रुपये होतं. आता ते 16,000 झालंय. विनाअनुदानित शाळांतल्यांची कहाणी तर याहून वाईट. दहा-पंधरा वर्षं बिनपगारी शिकवून, टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या सरकारी अनुदानासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर पावसात बसलेली माणसं आपण टीव्हीवर पाहिलीत. बुद्धिमान मुलं गेली ती या सगळ्यामुळे. ती गेल्यावर आपण म्हणू लागलो, या पेशात मुळातच कुणी हुशार येत नाही. परिणामाला कारण करून टाकलं, आणि ज्यांनी भरती अडवली, कॉलेजांची खिरापत वाटली, ते नामानिराळे राहिले. टोमण्याचा खरा फायदा कुणाला होतो, हे यावरून लक्षात यावं.

मला जास्त आश्चर्य वाटतं ते हे कोल्हापुरात घडतं याचं. शिकवणाऱ्याला डोक्यावर घेणं या गावाला नवीन नाही. तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादाला अजूनही वाकून नमस्कार होतो. त्याने लंगोट उतरवून तीस वर्षं झालेली असतात, खासबागेत तो आता फक्त बघायला जातो, पण 'कुस्ती जमली नाही म्हणून वस्ताद झाला' असं कुणी म्हणून दाखवावं! अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गवई. त्यांचं मोठेपण सांगताना आपण केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची नावं घेतल्याशिवाय राहत नाही, म्हणजे त्यांनी काय गायलं इतकंच त्यांनी कुणाला घडवलं हेही आपल्या मोजमापात असतं. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली व्ही. शांताराम तयार झाले, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. मग ज्याने चाळीस पोरांना वाचायला शिकवलं, त्याच्याच वाट्याला टोमणा का?

माझ्या मते एक फरक आपण नीट पाहत नाही. वस्ताद शागीर्द निवडून घेतो. खाँसाहेबांनीही आलेल्या प्रत्येकाला तालीम दिली नसती. अंगात रग नसलेलं पोर चार दिवसांत तालीम सोडतं, आणि जो टिकतो त्याच्या यशात वस्तादाचं नाव लागतं. शाळामास्तरला ही मुभाच नाही. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तेव्हा त्यांनी खरं तर शिकवण्याच्या कामाची व्याख्याच बदलली. आता जो येईल तो शिष्य. भुकेलेला, झोपाळू, घरात पाटी न पाहिलेला, ऊसतोडीला आई-बापाबरोबर सहा महिने गायब होणारा. निवडक पाच जणांना पारंगत करणं आणि न निवडलेल्या चाळिसांना वाचतं करणं, यातलं अवघड काम कोणतं? पहिल्याचं फळ मैदानात दिसतं, हलगी वाजते, गदा मिळते. दुसऱ्याचं फळ म्हणजे वीस वर्षांनी कुणीतरी स्वतःचा सातबारा स्वतः वाचतो. तिथे हलगी वाजत नाही, म्हणून ते काम हलकं, असा हिशोब आपण मांडून बसलोय.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे मास्तरांवर टीकाच करू नये की काय? टीका कशी करावी हे महात्मा फुल्यांकडे पाहावं. शिक्षणखात्यातल्या पंतोजींवर त्यांनी 1869 साली पोवाडा रचला, आणि त्यात कुणाची भीडभाड ठेवली नाही. शूद्रांच्या मुलांना हे पंतोजी कसे वागवतात, हे त्यांनी नेमकं सांगितलं. तेच फुले 1882 मध्ये, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात काय मागतात? प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवेत, शक्यतो शेतकरी वर्गातले हवेत, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्यांना लाज वाटू नये. आणि पगार? महिना 12 रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत 15 ते 20. म्हणजे कोण चुकतो, कुठे चुकतो, त्याऐवजी कोण हवा, त्याला कसं तयार करायचं आणि त्याला काय द्यायचं, इतकं सगळं एका दमात. पेशाला हलकं ठरवणारा शब्द त्यांनी वापरला नाही. वापरणं शक्यच नव्हतं, कारण स्वतः शिकून शिक्षिका झालेली आणि त्यासाठी रस्त्यात शेण-दगड झेललेली सावित्रीबाई त्यांच्या घरात होती. आज शिक्षकांवर तोंडसुख घेणाऱ्यांपैकी कितीजण त्याच तोंडाने शिक्षण सेवकाच्या मानधनाबद्दल बोलतात? शिरोलीच्या फाउंड्रीतल्या नवख्या हेल्परला मिळत होतं, त्याहून कमी पैशांत आपण 2023 पर्यंत पहिलीचा वर्ग चालवून घेत होतो.

सावित्रीबाईंवरून बाईपणाचा मुद्दा निघालाच आहे. आमच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी असते, आणि त्यांच्या वाट्याला येतो तो टोमणा गोड असतो. "मुलगी बी.एड. आहे, म्हणजे शांत असणार." स्थळं पाहताना ही पदवी म्हणजे स्वभावाचा दाखला. त्यात तिच्या डोक्याबद्दल अवाक्षर नसतं. जर्मनीतला 'प्रेमळ पण बेताचे' हा समज आमच्याकडे असा कांदेपोह्यांच्या बशीतून येतो. गणितात पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेली मुलगी पहिल्या पाठात गणिताची गोडी लावायची सोडून मुलांना 'बाळांनो' म्हणत राहते, कारण तिच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे हे तिला पक्कं ठाऊक झालेलं असतं. शिव्या परतवता येतात, पण असली स्तुती परतवायची कशी?

शिक्षक संघटनांना वाटतं, याच्यावर उतारा म्हणजे गौरव. 5 सप्टेंबरचे सत्कार, आदर्श पुरस्कार, शाल आणि नारळ. मला तसं वाटत नाही. ज्याला देव्हाऱ्यात बसवलं त्याला चुकायची मोकळीक उरत नाही, आणि शिकाऊ माणसाला तर चुकायचीच मोकळीक हवी असते. म्हणून टीईटीला विरोध करणाऱ्या नेत्यांशीही माझं जुळत नाही. परीक्षेच्या स्वरूपावर भांडा, वीस वर्षं चांगलं काम केलेल्याच्या अनुभवाला काही वजन द्या म्हणून भांडा. पण 'आमची परीक्षा घेणं हाच अपमान' ही भूमिका घेतली की आमच्या बी.एड.च्या मुलांना त्यातून एकच कळतं : आपले वडीलधारे पेपरला घाबरतात.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप. "एवढं बोलणं सोसत नसेल, तर सत्तर पोरांचा वर्ग कसा सोसणार? कातडी जाड करा." यात तथ्य आहे. वर्गात उभं राहायला निबरपणा लागतोच. पण वर्ग सोसायला लागतो तो निबरपणा आणि पेशाची लाज सोसताना येतो तो, हे दोन वेगळे. दुसरा निबरपणा मी रोज बघते. 'मी इथे तात्पुरता आहे' हे त्याचं रूप. पाठाच्या टाचणवहीखाली तलाठी भरतीचं पुस्तक, ओळख सांगताना 'सध्या बी.एड. करतोय, पण खरं म्हणजे एमपीएससीची तयारी चाललीय' हे शेपूट. जो मनाने आधीच निघून गेलाय त्याला कुणाचं बोलणं लागत नाही, हे खरं. पण तसा माणूस तुम्हाला तुमच्या नातवाच्या वर्गावर हवाय का?

उपाय फार मोठे नाहीत. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे मुलं शाळेत असतात. त्या शाळेने त्यांना कसं घ्यायचं, यावर बरंच ठरतं. करवीर तालुक्यातल्या एका मुख्याध्यापिका आमच्या मुलीची ओळख करून देताना म्हणाल्या, "या तुमच्या नव्या बाई. भूगोल आता याच शिकवतील, चाचणीचे प्रश्नही याच काढतील." वर्ग सरळ होऊन बसला. त्या मुलीने काढलेल्या प्रश्नपत्रिकेत दोन प्रश्न साफ चुकले होते, आणि याच बाईंनी तिला शिक्षक खोलीत अर्धा तास उभं-आडवं घेतलं. ती रडकुंडीला आली, पण दुसऱ्या दिवशी नवी प्रश्नपत्रिका घेऊन आली. तिच्या कामाची सालटी निघाली होती, तिची नाही, आणि हा फरक तिला बरोबर कळला होता. अध्यापक महाविद्यालयांनीही हा विषय दडवू नये. लोक आपल्याबद्दल काय म्हणतात, त्यातलं खरं किती, खोटं किती, पालकसभेत कुणी तोंडावर म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, हे पाठ निरीक्षणाइतकंच अभ्यासक्रमाचं अंग असायला हवं. सध्या ते आमच्याकडे चहाच्या सुट्टीत होतं.

आणि घाई आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2030 पर्यंत शिक्षक होण्याची किमान पात्रता चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही होणार आहे, म्हणजे बहुतेकांना बारावीनंतर लगेच ठरवायचं. आज बी.एड.ला येणारा निदान पदवीधर असतो, चार पावसाळे पाहिलेला असतो, काकांच्या 'दुसरं काय मिळालं न्हाई व्हय'ला काहीतरी उत्तर देऊ शकतो. उद्या हा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलीला विचारला जाईल, निकालाच्या आठवड्यात, पेढे वाटून झाल्यावर, सगळे नातेवाईक घरात असताना. नव्वद टक्के मिळवलेली ती मुलगी 'मला शिकवायचंय' हे वाक्य किती वेळ धरून ठेवू शकेल? ज्या घरात ते तिला गिळायला लावलं जाईल, तेच घर पुढे शाळेच्या पालकसभेत विचारणार आहे, "चांगले शिक्षक मिळत का नाहीत हो?"